जत्रेला निघण्याआधी ट्रॉलीचा काटा करा



मार्गशीर्ष सरत आला की आपल्या नांदेड-लातूर भागात दोन लगबगी एकदमच सुरू होतात. इकडे लातूरकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आंबिलीचं बिंदगं, भज्जीची पातेली, भाकरीच्या पाट्या घेऊन घरंच्या घरं शेताकडे निघतात. तिकडे लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, देवणी आणि लाल कंधारी जनावरं, सगळा बाजार तिथे उतरतो. माणसं चार-चार, आठ-आठ दिवस मुक्कामाला जातात. पूर्वी हे सगळं बैलगाडीने व्हायचं. आता ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, ताडपत्री ताणायची, आणि अख्खा संसार घेऊन निघायचं.

निघताना घरातलं कुणी विचारतं, "जास्त तर नाही झालं?" त्यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं. "काय होतंय हो? जागा आहे की अजून! आणि ट्रॅक्टर वढतंय की!"

बंधूंनो, आज याच दोन वाक्यांबद्दल बोलायचं आहे. ट्रॉलीत जागा असणं वेगळं आणि वजनाला वाव असणं वेगळं. ट्रॅक्टर ओढतो हे खरं. पण तो ओढतो तेवढं त्याला थांबवता येतं का, हे आपण बघत नाही. घात होतो तो बहुधा ओढताना नाही. तो थांबताना, वळताना, उतारावर आणि हूक सोडताना होतो.

वडिलांची बैलगाडी

हा काही नवा शोध नव्हे. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे शास्त्र पाठ आहे. माझे वडील गाडी भरताना पोती चढवून झाली की पुढे येऊन जू हाताने उचलून बघायचे. जू अलगद वर आलं तर म्हणायचे, "गाडी उलाळ झाली, दोन पोती पुढं घ्या." उलाळ म्हणजे मागून जड. उलाळ गाडी चढावर बैलांच्या मानेवरून जू वर ओढते आणि जोत्याने त्यांचा गळा आवळतो. जू अजिबात हलेना, तर म्हणायचे, "बैलांच्या मानंवर ओझं आलं, मागं सारा." थोडं वजन मानेवर हवं, पण मान मोडेल इतकं नको. एवढीच त्यांची तुला होती.

ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीला हाच नियम जशाचा तसा लागू आहे. बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला, एवढाच फरक. पण बैल हंबरून, अडून, मान टाकून सांगायचा. हूक बोलत नाही. म्हणून ते आपल्याला मोजून घ्यावं लागतं.

चार वजनं ओळखा

ट्रॉलीच्या बाबतीत चार वजनं ध्यानात ठेवायची.

पहिलं, रिकामं वजन. नुसत्या ट्रॉलीचं. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, तिचं आरसी पुस्तक वेगळं असतं. त्यात 'अनलेडन' म्हणून जो आकडा असतो तो हा. पण मागाहून आपण फळ्या उंच केल्या, लोखंडी जाळी वेल्डिंग केली, जाड पत्रा मारला, तर वजन वाढलेलं असतं आणि पुस्तकातला आकडा तोच राहतो. हे विसरू नये.

दुसरं, माल. आपण चढवलेलं सगळं.

तिसरं, एकूण भरलेलं वजन. पहिलं अधिक दुसरं. याची कमाल मर्यादा आरसी पुस्तकात 'लेडन' म्हणून लिहिलेली असते. ती ओलांडायची नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तीत जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे, शिवाय जादा माल जागेवर उतरवायचा खर्च आपल्याच अंगावर. दंडाचं राहू द्या. ही मर्यादा अॅक्सल, पाटे, चाकं आणि टायर किती सोसतील यावरून ठरलेली असते, म्हणून ती पाळायची.

चौथं, हुकावरचं वजन. एकूण वजनातला जो हिस्सा ट्रॉलीच्या दांडीतून ट्रॅक्टरच्या हुकावर उतरतो तो. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं, कारण माल कुठे ठेवला यावर ते दर वेळी बदलतं. आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच वजनाकडे होतं.

आधी कागदावर मांडा

चार दिवसांच्या मुक्कामाला निघालेल्या एका घराची ट्रॉली घेऊ. पाण्याची ५०० लिटरची भरलेली टाकी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा झाले ५०० किलो. कडब्याच्या २०० पेंढ्या, पेंढी दोन किलोची धरली तर ४०० किलो. सरकी-पेंडीचे ५० किलोचे दोन कट्टे, १०० किलो. धान्य, पीठ, किराणा, भांडीकुंडी १५० किलो. तंबू, बांबू, ताडपत्र्या १५० किलो. गॅसच्या दोन टाक्या, भरलेली टाकी साधारण ३० किलो भरते, म्हणून ६० किलो. अंथरूण-पांघरूण १०० किलो. एक बाज ४० किलो. इथवर झाले १,५०० किलो. आता बाजारात दाखवायची बैलजोडी. थोराड बैल ४५० किलोचा धरला तर दोन बैलांचे ९०० किलो. एकूण माल २,४०० किलो. ट्रॉली रिकामी १,४०० किलोची असेल तर भरलेली ट्रॉली झाली ३,८०० किलो.

बघा, यात एकही गोष्ट डोळ्यांना जड दिसत नाही. कडबा उंच दिसतो म्हणून आपण त्यालाच भितो, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या पाण्याच्या टाकीकडे बघतही नाही. खरं तर त्या टाकीचं वजन एका बैलापेक्षा जास्त आहे. म्हणून पहिला सल्ला: टाकी रिकामी न्या, मुक्कामी भरा. वाटेपुरता एक हंडा पुरतो. अर्धी भरलेली टाकी तर नकोच नको. वळणावर आतलं पाणी डचमळतं आणि सगळं वजन एका अंगाला धावतं.

मग काट्यावर जा

कागदावरचा हिशेब हा अंदाज. खरं काय ते काटा सांगतो. मोंढ्यात, कारखान्यावर, जिनिंगवर, मोठ्या रस्त्यांवर वजनकाटे आहेत. आपण सोयाबीन विकताना किलोकिलोचा काटा करतो, मग घरची माणसं आणि जनावरं ज्या गाडीमागे चालणार तिचा एकदा काटा केला तर काय बिघडलं?

तीन वजनं करून घ्या. चालक तिन्ही वेळा सीटवरच बसलेला असू द्या.

पहिल्यांदा नुसता ट्रॅक्टर काट्यावर घ्या. समजा २,००० किलो भरला.

दुसऱ्यांदा भरलेली ट्रॉली जोडा आणि ट्रॅक्टर काट्यावर उभा करा, पण ट्रॉलीची चाकं काट्याच्या बाहेर, सपाट जागेवर राहू द्या. समजा २,४५० किलो भरले. वरचे जे ४५० किलो वाढले ते हुकावरचं वजन.

तिसऱ्यांदा ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही काट्यावर घ्या. समजा ५,८०० किलो भरले. त्यातून ट्रॅक्टरचे २,००० वजा केले की ट्रॉलीचं एकूण वजन ३,८०० किलो. हा आकडा आरसी पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघा.

आता हुकावरच्या ४५० ला ३,८०० ने भागा. आलं साधारण १२ टक्के. दोनचाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा ते थोडं अधिक, म्हणजे १० ते १५ टक्के, हुकावर असावं. अमेरिकेत लोक मोटारीमागे चाकांचं घर जोडून रानात मुक्कामाला जातात. तिथेही हाच १० ते १५ टक्क्यांचा दंडक सांगतात. गाडी कुठलीही असो, वजनाचा नियम एकच.

पुढे-मागे किती फरक पडतो?

हुकापासून ट्रॉलीच्या चाकांच्या रेषेपर्यंत ४ मीटर अंतर आहे असं धरा. चाकांच्या बरोबर वर ठेवलेलं वजन हुकावर काहीच भार देत नाही. तेच ४०० किलो वजन चाकांच्या एक मीटर पुढे ठेवलं तर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १०० किलो, हुकावर येतो. आणि चाकांच्या एक मीटर मागे ठेवलं तर तेच वजन हूक १०० किलोने वर उचलायला बघतं. म्हणजे एक टाकी दोन मीटर पुढची मागे झाली, तर हुकावर २०० किलोंचा फरक पडला!

मागून जड झाली तर काय होतं? दांडी हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं, चाकं घसरतात, ब्रेक धरत नाही. ट्रॉली शेपटासारखी डावी-उजवी हेलकावे खाते.

पुढून फार जड झाली तर? तेव्हा दुसरं संकट. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या अॅक्सलच्याही मागे असतो. तिथे खाली दाबलं की तराजूसारखी पुढची चाकं हलकी होतात. हिशेब बघा. आपल्या २,००० किलोंच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ७५० किलो आहेत, पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये २ मीटर अंतर आहे, आणि हूक मागच्या अॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आहे असं धरा. हुकावर ४५० किलो असतील तर पुढून १८० किलो उचलले जातात, उरतात ५७०. चालेल. पण सगळा जड माल पुढे रचून हुकावर १,००० किलो आणले, तर पुढून ४०० उचलले जातात आणि उरतात फक्त ३५०. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहिलाच पाहिजे, म्हणजे इथे ४०० किलो. त्याखाली गेलं की स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर पुढची चाकं घोड्यासारखी उभी राहतात. ट्रॅक्टर मागे उलटायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही.

म्हणूनच ट्रॉली नेहमी खालच्या हुकाला जोडावी. वरच्या लिंकला साखळी बांधून काहीही ओढू नये, अगदी फसलेली ट्रॉलीसुद्धा.

कुठे काय ठेवायचं

जड माल खाली, तळाला. हलका माल वर. धान्य, पेंड, भांडी तळाशी. अंथरुणं, ताडपत्री, कडबा वर. जड माल चाकांच्या वर आणि चाकांच्या जरासा पुढे. अगदी मागच्या फळीला टेकून जड काही ठेवू नये. डावी-उजवी बाजू सारखी. एका अंगाला टाकी असेल तर दुसऱ्या अंगाला कट्टे.

कडबा फळ्यांच्या वर फार उंच रचू नये. उंच ट्रॉलीचं वजन वर जातं आणि बांधाच्या उतारावर, रस्त्याच्या कडेला एक चाक खचलं की ती कलंडते. आपली काळी माती ओली असली की कडेला केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

बैल नेताना तळाला भुस्सा किंवा पाचट पसरा, म्हणजे खूर घसरत नाहीत. बैल चाकांच्या आसपास उभे राहतील असे बांधा आणि त्यांच्या मागे आडवा मजबूत बांबू टाका. मोकळा बैल वळणावर एक पाऊल सरकला तर ४५० किलो सरकतात. जनावरांसोबत पशुवैद्यकाचा दाखलाही हवा. आणि गॅसच्या टाक्या उभ्या, झडप बंद करून, घट्ट बांधून ठेवा.

चारचाकी ट्रॉली असेल, जशी ऊस वाहतुकीला असते, तर तिचा बहुतेक भार तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो. हुकावरच्या टक्केवारीचा हिशेब तिला लागत नाही. माल पुढे-मागे सारखा पसरा, एवढं पुरे. मात्र एकूण वजन आणि ब्रेक यांबद्दल जे सांगतो आहे ते तिला दुप्पट लागू आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन भरल्या ट्रॉल्या ओढणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

ओढणारा एक, ढकलणारी दुसरी

आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे ३,८०० किलोंची ट्रॉली आणि २,००० किलोंचा ट्रॅक्टर, दोन्ही मिळून ५,८०० किलो थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकनी. एकट्या ट्रॅक्टरच्या मानाने हे जवळजवळ तिप्पट ओझं. एकटा ट्रॅक्टर जेवढ्या जागेत थांबतो त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा भरल्या ट्रॉलीसकट लागणार. त्यात वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यावर लागणारी जागा चौपट होते. ताशी २० किलोमीटरला पाच वाव लागत असतील, तर ताशी ४० ला वीस वाव. समोर पोर आडवं आलं तर तेवढी जागा कुठून आणायची?

उतारावर तर ट्रॉली मागून ढकलते. दर दहा फुटांना एक फूट असा उतार असेल तर ३,८०० किलोंची ट्रॉली ३८० किलोंच्या जोराने ट्रॅक्टरला पुढे रेटत असते. बालाघाटाच्या डोंगराळ रस्त्यांवर, कंधार-मुखेडकडच्या उतारांवर, माहूर-किनवटच्या घाटांत हे रोज घडतं. ट्रॅक्टर जरा वाकडा असताना ब्रेक मारला, तर ट्रॉली त्याला बाजूने ढकलून चाकूच्या पात्यासारखी मिटवते.

त्यासाठी चार गोष्टी पाळा. एक, रस्त्यावर आलात की डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी लावा. शेतात वळायला वेगळे ब्रेक ठीक आहेत, रस्त्यावर एकच ब्रेक दाबला गेला की गाडी गर्रकन फिरते. दोन, उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला. तीन, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका आणि क्लच दाबून गाडी सोडू नका. वाचलेलं पाव लिटर डिझेल कुणाच्या उपयोगाला येत नाही. चार, ट्रॉली नवी घेत असाल तर ब्रेक असलेलीच मागा.

टायरची हवा निघण्याआधी बघा. टायरच्या बाजूला तो किती भार सोसतो ते किलोत किंवा संकेताच्या आकड्यात कोरलेलं असतं. हुकाची पिन पूर्ण आत, तिच्या खालच्या टोकाला खटका अडकवलेला, आणि दांडीपासून ट्रॅक्टरला एक जाड साखळी, हे तिन्ही असल्याशिवाय किल्ली फिरवू नका. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा नसेल तर रात्री निघूच नका. अंधारात उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

मुक्कामी पोचल्यावर

आता जे सांगतो ते माझ्या घरातलं आहे. काही वर्षांपूर्वी आमचा चुलतभाऊ यात्रेला पोचला. दोनचाकी ट्रॉली. पाण्याची टाकी मागच्या फळीला लावून ठेवलेली, आणि भरलेली. पोचल्यावर ट्रॅक्टर मोकळा हवा म्हणून त्याने आधी हूक सोडला आणि दांडी टेकणावर ठेवली. मग पोरांनी पुढून कट्टे उतरवायला सुरुवात केली. तिकडे आमच्या वहिनी ट्रॉलीच्या मागेच चूल मांडत होत्या. पुढचे कट्टे उतरले, मागची टाकी तशीच राहिली, आणि ट्रॉली उलाळ झाली. दांडी आभाळाकडे गेली, मागची फळी जमिनीवर आली आणि टाकी घसरत खाली आली. वहिनींचा पाय दोन ठिकाणी मोडला. दैव बरं म्हणून पायावरच निभावलं. त्या आजही चालताना डावा पाय ओढतात. वडील तेव्हा हयात होते. ते एवढंच म्हणाले, "गाडी आधी मागून रिकामी करायची असती रे, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?" खरंच कुणी सांगितलं नव्हतं. बैलगाडी गेली आणि तिच्याबरोबर हे सांगणंही गेलं.

म्हणून बंधूंनो, मुक्कामी पोचल्यावर जागा सपाट बघा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. ट्रॅक्टर जोडलेला असतानाच, मागच्या बाजूने माल उतरवायला घ्या. ट्रॉली बरीचशी रिकामी झाल्यावरच दांडीखाली भक्कम टेकण देऊन हूक सोडा. आणि हूक सोडलेल्या ट्रॉलीखाली पोरांना झोपवू नका, मागे चूल मांडू नका.

परतीचाही विचार करा. जाताना पुढे ठेवलेला कडबा आणि पेंड चार दिवसांत जनावरांनी खाल्लेली असते. बैल विकला असेल तर तोही गेला. मागे मात्र टाकी, नवी भांडी, बाजारातली खरेदी. जातानाची सरळ ट्रॉली येताना उलाळ होते. तेव्हा परतताना पुन्हा नव्याने रचा.

माणसं कुठे बसवायची?

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना कामावर नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. सात जणी गेल्या. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या त्या लेकी-सुना. सकाळी भाकरी बांधून निघाल्या होत्या. ही गोष्ट आपल्या भागातली आहे, आपण ती विसरता कामा नये.

ट्रॉली मालासाठी आहे. तिच्यातून माणसं नेणं कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हात वर करू शकते. पण कायद्याच्याही आधी वजनाचा विचार करा. कट्टा जिथे ठेवला तिथेच राहतो. माणसं उभी राहतात, एका बाजूला वाकून बघतात, वळणावर सगळी एका अंगाला कलतात. ट्रॉली कलंडली तर कट्टा फुटतो, त्याची भरपाई होते.

तुम्ही म्हणाल, मग येळवशीला शेतात जायचं कसं, आणि यात्रेला जायचं कसं? शेत जवळ असेल तर चालत जा, जुनी माणसं तशीच जायची. यात्रेला सामान ट्रॉलीने आणि माणसं एसटीने पाठवा. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली. माळेगाव तर नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. ट्रॅक्टरवर चालक एकटा. मडगार्डवरही कुणी नको, लाडकं नातवंडसुद्धा नको.

थोडक्यात

जागा बघून नाही, वजन बघून भरा. आरसी पुस्तकातली मर्यादा पाळा. वर्षातून एकदा तरी भरल्या ट्रॉलीचा तीन वेळा काटा करा. दोनचाकी ट्रॉलीच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक हुकावर ठेवा. जड खाली, हलकं वर. पाणी मुक्कामी भरा. दोन्ही ब्रेक जोडा, उतारावर खालचा गिअर. मागून रिकामी करा, मग हूक सोडा. माणसं एसटीने.

हे पत्रक वाचून झालं की ट्रॅक्टरची किल्ली ज्या खिळ्याला टांगता त्याच खिळ्याला लावून ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आणि गाडी भरून झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारून विचारा, "आबा, गाडी उलाळ तर नाही ना झाली?" त्यांना बरं वाटेल, आणि उत्तरही बहुधा बरोबर येईल.

येळकोट येळकोट, जय मल्हार. नमस्कार.